ढाळ आणि समपातळी

शेतांत खणलेला एखादा चर नुसता पाहून तो कशासाठीं खणला आहे हें सांगतां येईलच असें नाहीं. कुदळ तीच, फावडें तेंच, कांठावर टाकलेली मातीहि तीच. तथापि एका चराचा हेतु आलेलें पाणी शक्य तितक्या लवकर शेताबाहेर घालविण्याचा असतो, तर दुसऱ्याचा हेतु तेंच पाणी जागच्या जागीं धरून जमिनींत मुरविण्याचा असतो. या दोहोंतील भेद चराच्या तळांत आहे. पहिल्याचा तळ ढाळीचा, म्हणजे एका अंगास उतरत गेलेला. दुसऱ्याचा तळ समपातळीचा. शंभर फुटांच्या लांबींत तीनचार इंचांचा उतार पडला कीं पाणी चालूं लागतें. तो उतार काढून टाकला कीं तेंच पाणी उभें राहतें. एवढ्याशा फरकावर मोठमोठ्या प्रदेशांचें भवितव्य ठरलेलें आहे, आणि आपल्या महाराष्ट्रापुढें तर तो प्रश्न अद्यापहि उभा आहे. म्हणून त्याचा इतिहास थोडा निवांतपणें पाहणें उपयोगाचें होईल.

प्रथम शब्दांविषयीं. इंग्रजींत पहिल्या प्रकारास डिच व दुसऱ्यास स्वेल असे शब्द योजतात. पैकीं स्वेल या शब्दाचा अर्थ स्थिर राहिलेला नाहीं. मुळांत तो सखल, ओलसर जागेचा वाचक होता. अमेरिकेंतील स्थापत्यविशारद रस्त्याकडेच्या उथळ, रुंद, गवत वाढविलेल्या आणि पाणी सावकाश नेणाऱ्या पन्हळीस स्वेल म्हणतात. म्हणजे त्यांच्या स्वेलला थोडासा ढाळ असतोच. उलट, बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन या दोघां ऑस्ट्रेलियन लेखकांनीं १९७८ सालीं 'पर्माकल्चर' नांवाचा जो कृषिविचार मांडला, त्याच्या प्रसाराबरोबर स्वेल म्हणजे समपातळीवर खणलेला आणि पाणी मुळींच पुढें न नेणारा चर असा अर्थ रूढ झाला. आपल्याकडील शब्द याहून नेमके आहेत. मृद्‌संधारणाच्या कामांत 'समपातळी बांध' आणि 'ढाळीचे बांध' असा सरळ भेद करितात. डोंगरउतारावर खणतात तो 'सलग समतल चर'. आणि शेताच्या खालच्या अंगास मातीची किंवा दगडांची जी आड घालतात तिला देशावरील शेतकरी पूर्वापार 'ताल' म्हणत आला आहे.

ढाळीच्या चराचा फार मोठा आणि बोधप्रद प्रयोग इंग्लंडांत झाला. केंब्रिजच्या उत्तरेस, वॉश नांवाच्या समुद्राच्या आखातापर्यंत, फेन्स हा सखल प्रदेश पसरलेला आहे. त्याचा जो दक्षिण भाग पुढें बेडफर्ड लेव्हल म्हणून प्रसिद्धीस आला तोच सुमारें ३ लाख एकरांचा भरतो. सतराव्या शतकाच्या आरंभीं हा मुलूख हिंवाळ्यांत जलमय आणि उन्हाळ्यांत दलदलीचा असे. तेथील रहिवासी मासे व ईल पकडीत, रानबदकें मारीत, छपरांसाठीं बोरू कापीत, जळणासाठीं पीट नांवाची कुजलेल्या वनस्पतींची माती काढीत, आणि पाणी ओसरलें म्हणजे मोकळ्या कुरणांत गुरें चारीत. दरबारांतील लोकांना ही पडीक जमीन वाटे. त्या लोकांचा मात्र तो भरला संसार होता.

१६३० सालीं बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल यानें हा प्रदेश कोरडा करण्याचा मक्ता घेतला. त्याच्याबरोबर आणखी भागीदार आले आणि सर्वांनीं मिळून मोबदल्यादाखल ९५,००० एकर जमीन घ्यावी असें ठरलें. काम सोंपविण्यांत आलें तें कॉर्नेलियस व्हरमायडेन या डच इंजिनियरावर. त्याचा सिद्धान्त सोपा होता. ऊझ नदी वळणें घेत जाते, म्हणून तिची लांबी वाढते. लांबी वाढली कीं ढाळ कमी होतो. ढाळ कमी झाला कीं पाणी रेंगाळतें, गाळ टाकतें आणि कांठांवरून बाहेर पडतें. तेव्हां वळणें सोडून सरळ चर खणावा. आरंभ आणि शेवट तेच असले तरी वाट आंखूड झाल्यानें ढाळ आपोआप वाढेल आणि पाणी आपल्याच वेगानें आपला मार्ग साफ ठेवील. या विचारानें २१ मैल लांब आणि ७० फूट रुंद असा जो चर खणला गेला तीच ओल्ड बेडफर्ड नदी. ती १६३७ सालीं पुरी झाली.

तिच्यानें उन्हाळ्यांतील दलदल हटली, हिंवाळ्यांतील पूर हटले नाहींत. शिवाय कुरणें गेल्यामुळें रहिवाशांनीं दंगे केले, चर बुजविले, बांध फोडले. या गरिबांचा कैवार घेतल्यावरून ऑलिव्हर क्रॉमवेल यास राजपक्षीयांनीं 'फेन्सचा सरदार' अशी उपहासाची पदवी दिली होती. परंतु यादवी युद्धानंतर त्याच्याच पक्षाच्या पार्लमेंटनें १६४९ सालीं नवा कायदा करून हें काम पुन्हां सुरू केलें! डनबारच्या लढाईंत पकडलेले स्कॉटिश कैदी आणि पुढें डच युद्धांतील कैदी कामास जुंपण्यांत आले. पहिल्या चरास समांतर असा १०० फूट रुंदीचा दुसरा चर खणण्यांत आला. आणि डेनव्हर येथें भरतीचें पाणी अडविण्यास दरवाजे बसविले. मात्र व्हरमायडेनची एक दूरदृष्टि येथें नमूद केली पाहिजे. दोन्ही चरांच्या मध्यें सुमारें अर्ध्या मैलाची पट्टी त्यानें मुद्दाम मोकळी सोडली. उद्देश हा कीं, मोठा पूर आला असतां पाण्यास पसरावयास जागा असावी. हीं 'वॉशेस' आजहि हिंवाळ्यांत पाण्यानें भरतात आणि हजारों पक्षी तेथें उतरतात. पाणी घालविण्यासाठीं जन्मास आलेल्या या योजनेंत पाण्यास थांबूं देणारी ही एकच जागा होती, आणि तीच साडेतीनशें वर्षांनंतरहि जवळजवळ जशीच्या तशी कामास येत आहे.

बाकीच्या भागाची कथा निराळी झाली. पीट ही माती पाण्याखालीं असेपर्यंतच टिकते. कोरडी पडली कीं ती आकसते, आणि हवेंतील प्राणवायूशीं संयोग होऊन हळूहळू नाहींशी होते. जों जों चरांनीं पाणी ओढून नेलें, तों तों जमीन खचत गेली. नद्या व मोठे चर मात्र आपल्या जुन्या पातळीवर राहिले. कांहीं पिढ्यांत अशी स्थिति आली कीं, शेतें खालीं आणि नदी वर. मग ढाळ उपयोगी पडेना. पाणी उपसून वर चढवावें लागलें. अठराव्या शतकांत त्यासाठीं पवनचक्क्या उभ्या राहिल्या. १८२० च्या सुमारास वाफेचीं यंत्रें येऊं लागलीं, आणि त्यांपैकीं स्ट्रेथम येथील १८३१ चें यंत्रघर अजून पाहावयास मिळतें. पुढें डिझेल आणि विजेचे पंप आले. उपसा वाढला तशी जमीन आणखी खचली, आणि जमीन खचली म्हणून उपसा आणखी वाढला.

या खचण्याचें मोजमाप एका खांबानें करून ठेविलें आहे. व्हिटल्सी मियर हें विस्तीर्ण सरोवर १८५१ सालीं उपसून कोरडें करण्यांत आलें. त्या वेळीं जवळच्या होम फेन येथें लोखंडाचा एक खांब खालच्या चिकणमातीपर्यंत ठोकून त्याचें डोकें जमिनीच्या पातळीशीं बरोबर ठेवलें होतें. आज तो खांब जमिनीवर सुमारें ४ मीटर उभा आहे. खांब वर आलेला नाहीं; जमीन खालीं गेली आहे. ही जागा आतां समुद्रसपाटीच्याहि खालीं असून ब्रिटनमधील सर्वांत सखल भूमि म्हणून तिची गणना होते. इंग्लंडास उत्तम गहूं, बटाटे व भाज्या पुरविणारी ही जमीन या चरांनींच निर्माण केली हें खरें. पण तीच जमीन वर्षावर्षास थोडी थोडी खर्ची पडत आहे हेंहि तितकेंच खरें. २००१ पासून 'ग्रेट फेन' या योजनेखालीं या भागांतील कांहीं शेतें पुन्हां ओलीं करण्याचें काम चालू झालें, तें याच जाणिवेंतून.

येथें आपल्या गोमंतकांतील खाजणांची आठवण होणें साहजिक आहे. खाडीकांठच्या खाऱ्या जमिनी बांध घालून गोड करणें आणि त्यांतील पाणी 'मानशीं'वाटे बाहेर सोडणें ही गांवकरीची शतकानुशतकांची विद्या. मानशीचा लांकडी दरवाजा भरतीच्या रेट्यानें मिटतो आणि ओहोटी लागली कीं आंतल्या पाण्याच्या रेट्यानें उघडतो. डेनव्हरच्या दरवाजांचें तत्त्व हेंच होय. पण फरक असा कीं, खाजणाच्या आंत पाण्यासाठीं राखलेल्या वाटा व डोहहि असत, त्यांत मासळी वाढे, आणि बांधाची राखण साऱ्या गांवाची असे. पाण्याचा निचरा तेथें गांवाचें पूर्वीचें जीवन मोडून करण्यांत आला नव्हता, तर त्या जीवनाचाच तो एक भाग होता.

ढाळीच्या चराचें दुसरें लक्षण अमेरिकेंत स्पष्ट झालें. जॉन जॉन्स्टन नांवाच्या स्कॉटिश शेतकऱ्यानें १८३५ सालीं न्यूयॉर्क संस्थानांतील जिनीव्हा येथें मातीच्या भाजलेल्या नळ्या शेताखालीं पुरून निचरा करण्यास आरंभ केला. प्रथम शेजारी हंसले, मग त्यांनींहि तेंच केलें. ओहायोच्या वायव्येकडील 'ब्लॅक स्वॅम्प' ही प्रचंड दलदल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशाच चरांनीं व नळ्यांनीं सुकवून तिची उत्कृष्ट शेतजमीन बनविली. परंतु चर जें पाणी नेतो त्याबरोबर शेतांतील खतहि नेतो. पूर्वी जी दलदल तें गाळून घेत असे ती आतां उरलेली नाहीं. शेतांतला फॉस्फरस ईरी सरोवरांत जाऊन तेथें विषारी शेवाळ माजलें, आणि ऑगस्ट २०१४ मध्यें टोलीडो शहर व आसपासच्या चारपांच लाख लोकांस नळाचें पाणी पिऊं नये असा हुकूम काढावा लागला. पाणी एका शेतांतून घालविलें म्हणजे तें नाहींसें होत नाहीं, तें फक्त दुसऱ्याच्या दारीं जातें. हा धडा त्या तीन दिवसांनीं शिकविला.

आतां समपातळीकडे वळूं. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेचा जो पट्टा आहे त्याचें दुखणें फेन्सच्या नेमकें उलट. वर्षाकांठीं २० इंचांच्या आसपास पाऊस, आणि तोहि मोजक्या सरींत कोसळून जाणारा. खालीं काळ्या पाषाणाचा थर. त्यांत पाणी सांठवावयास भेगा आणि मुरुमाचा पातळ पापुद्रा एवढीच जागा. उघड्या डोंगरावर पडलेली सर अर्ध्या घटकेंत ओढ्याला मिळते आणि जातांना शतकांनीं तयार झालेली माती घेऊन जाते. अशा ठिकाणीं निसर्गानेंच ढाळीचे चर ओघळींच्या रूपानें हवे त्याहून अधिक खणून ठेविले आहेत. माणसानें करावयाचें तें त्यांस आडवें जाणें.

हा विचार लेखनांत ठामपणें मांडणारांत महात्मा जोतीराव फुले यांचें नांव अग्रभागीं घ्यावें लागतें. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत त्यांनीं शेतकऱ्याच्या दैन्याचीं कारणें सांगून झाल्यावर उपायहि सांगितले आहेत. आणि त्यांत सरकारनें आपल्या लष्करांतील व पोलिसांतील रिकाम्या शिपायांकडून ठिकठिकाणीं तालीवजा बंधारे असे घालवावे कीं पावसाचें पाणी शेतांतून मुरत मुरत मग ओढ्यानाल्यांस मिळावें, अशी स्पष्ट सूचना आहे. १८७६-७८ च्या दुष्काळास तेव्हां पुरतीं दहा वर्षेंहि लोटलीं नव्हतीं. त्या काळीं सरकारची दृष्टि मोठीं धरणें व कालवे यांकडे होती. फुल्यांनीं धरणांसहि विरोध केला नाहीं. पण कालवा पोंचणार नाहीं अशा कोरडवाहू शेताचें काय, हा प्रश्न त्यांनीं विसरूं दिला नाहीं.

सरकारी खात्यास हा विचार पटावयास अर्धें शतक लागलें. १९२३ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें आणि १९३३ पासून सोलापूर व विजापूर येथें कोरडवाहू शेतीचें संशोधन सुरू झालें. त्याचें सार ना. वि. कानिटकर यांच्या १९४४ मधील इंग्रजी ग्रंथांत आलें आहे. शेतास बांध घालावे, खोल नांगरट करावी, कुळवाच्या पाळ्या अधिक द्याव्या, आणि पडलेला पाऊस जमिनींतच ठेवावा, असा त्याचा मथितार्थ. १९४२ सालीं मुंबई सरकारनें जमीनसुधारणेचा कायदा केला, आणि त्याच सुमारास विजापूर जिल्ह्यांत पडलेल्या दुष्काळांत समपातळी बांधांचें काम दुष्काळी काम म्हणून मोठ्या प्रमाणावर काढण्यांत आलें. पुढें १९७२ च्या दुष्काळांत रोजगार हमी योजनेखालीं लाखों स्त्रीपुरुषांनीं हीच माती पुन्हां खणली. त्या योजनेस १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें, तें वि. स. पागे यांच्या चिकाटीचें फळ होतें.

समतल चर काय करूं शकतो याचा हिशेब कठीण नाहीं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा चर घेतला, तर त्याच्या प्रत्येक मीटर लांबींत १८० लिटर पाणी मावतें. एका हेक्टर डोंगरउतारावर दहा दहा मीटर अंतरानें असे चर काढले कीं त्यांची एकूण लांबी १,००० मीटर आणि धारणा १,८०,००० लिटर होते. एका हेक्टरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी येतें. अर्थात् हे चर एका वेळीं १८ मिलिमीटर वाहतें पाणी पोटांत घेतात. पडलेल्या पावसापैकीं कांहीं भाग जागींच जिरतो हें लक्षांत घेतलें तर बरीच मोठी सरहि त्यांत अडकते, आणि ती मुरली कीं पुढच्या सरीस चर मोकळे. निघालेली माती खालच्या अंगास टाकून तिच्यावर झाडें व गवत लावलें म्हणजे बांधहि टिकतो.

परंतु या कामांत एक अट आहे, आणि ती कडक आहे: चर खरोखर समपातळीवर असला पाहिजे. पाण्यानें भरलेली पारदर्शक नळी किंवा ओळंबा लावलेली लांकडी चौकट एवढ्या साधनानें ती रेषा आंखतां येते. नुसत्या नजरेनें येत नाहीं. तळास कोठें चुकून ढाळ राहिला तर साऱ्या लांबीचें पाणी त्या एका टोंकास जमतें, तेथें बांध फोडतें, आणि जो चर ओघळ थांबविण्यासाठीं खणला त्यानेंच नवी ओघळ तयार होते. असा फसलेला समतल चर ढाळीच्या चराहून वाईट, कारण ढाळीच्या चराचें तोंड निदान विचारपूर्वक ठेवलेलें असतें.

दुसरी अडचण भूमितीची नसून समाजाची आहे. समपातळीची रेषा सातबारा पाहून चालत नाहीं. ती एकाच्या शेतांतून तिरकी शिरते, दुसऱ्याच्या शेतांतून वळण घेऊन निघते. तेव्हां सरकारनें घातलेले बांध शेतकऱ्यांनीं नांगरून काढले अशी उदाहरणें घडलीं तीं केवळ अज्ञानामुळें नव्हेत. जेथें गांव एकत्र आलें तेथेंच हें काम टिकलें. विलासराव साळुंखे या इंजिनियरानें १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें पडीक उजाड जमिनीवर पाणी अडविण्याचा प्रयोग केला, आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या पाणी पंचायतींत पाण्याचा वांटा जमिनीच्या प्रमाणांत न देतां माणशीं दिला. भूमिहीनासहि हक्क ठेवला, आणि उंसास मनाई केली. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर, या जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें डोंगरावर समतल चर खणले गेले; पण त्याबरोबर शेतीसाठीं विंधनविहिरी घेऊं नयेत आणि पाऊस पाहून पिकांचा ताळेबंद मांडावा असे नियमहि गांवानें स्वतःस घालून घेतले. मुरविलेलें पाणी जो तो उपसून नेणार असेल तर चर खणून काय उपयोग?

एवढ्यावरून समपातळी ही सर्वत्र श्रेष्ठ असा निष्कर्ष कोणी काढील तर तो फसेल. सोलापुराकडील खोल काळ्या रेगूर जमिनींत पाणी फार सावकाश मुरतें. तेथें समपातळी बांध घातले असतां बांधालगत पाणी तुंबून पीक कुजतें, आणि उन्हाळ्यांत त्याच मातीस भेगा पडून बांध दुबळा होतो. म्हणून अशा जमिनींत ढाळीचे बांध घालून जास्तीचें पाणी संथपणें गवताच्या पन्हळींतून बाहेर सोडावें, असें कृषिशास्त्रज्ञ सांगतात. कालव्यांखालीं तर गोष्ट आणखी बिकट झाली. नीरेच्या व इतर कालव्यांवर उंसास पाण्याची रेलचेल झाली, निचऱ्याकडे कोणी पाहिलें नाहीं, आणि काळी आई क्षारांनीं पांढरी पडूं लागली. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तेथें निचऱ्याचे खोल चर खणावे लागले. आज कृष्णा व पंचगंगा यांच्या कांठीं, सांगली-कोल्हापूर भागांत, क्षारपड झालेल्या जमिनीखालीं सच्छिद्र नळ्या पुरून पाणी बाहेर काढावें लागत आहे. ज्या राज्यांत एका तालुक्यांत पाण्याचा थेंब अडविण्यासाठीं डोंगर खणतात, त्याच राज्यांत दुसऱ्या तालुक्यांत पाणी बाहेर काढण्यासाठीं जमीन खणतात. दोघांचेंहि बरोबर आहे.

चूक होते ती दोहोंतील भेद विसरल्यानें. डिसेंबर २०१४ मध्यें जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार योजनेवर जाणत्यांनीं जो मुख्य आक्षेप घेतला तो हाच होता. माथ्यावर चर, मग उतारावर बांध, आणि शेवटीं नाला, असा 'माथा ते पायथा' क्रम असावयास हवा. त्याऐवजीं कित्येक ठिकाणीं यंत्रें लावून नालेच खोल व रुंद करण्यांत आले. नाला मुळांतच ढाळीचा. त्याची माती काढून टाकली तर बाजूच्या शेतांतील ओल त्यांत झिरपून येते आणि विहिरीचें पाणी खालच्या गांवास जातें. काम मोठें दिसतें, छायाचित्र चांगलें येतें. पण पाणी जिरविण्याच्या नांवाखालीं आपण निचऱ्याचा चर खणला, हें दोन वर्षांनीं कळतें.

फेन्सच्या लोकांनीं पाणी घालविलें आणि जमीन मिळविली. तीच जमीन आतां खांबाच्या मापानें उतरत आहे. आपल्या डोंगराळ मुलुखांत पाणी आपण होऊन निघून जातें आणि जमीनहि घेऊन जातें. इतिहासाचा उपयोग एवढाच कीं, चर आंखण्यापूर्वीं आपण तीन प्रश्न विचारावे: ही माती पाणी किती वेगानें पिते, येथून गेलेलें पाणी कोणाच्या दारीं जाणार, आणि येथें राहिलेलें पाणी कोणाच्या वांट्यास येणार? यांपैकीं पहिल्याचें उत्तर माती देते. उरलेल्या दोहोंचें उत्तर गांवानेंच एकत्र बसून दिलें पाहिजे. आणि आजवरचा अनुभव असा कीं, जेथें तें दिलें गेलें तेथेंच चराचें काम दहा पावसाळे टिकलें.